कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सचं स्टुडंट माइन रेस्क्यू ट्रेनिंग (एडगर माइन, आयडाहो स्प्रिंग्ज) : मायनिंगच्या पोरापोरींसाठी रिव्ह्यू

पाचपैकी पाच देतेय. का ते जरा सविस्तर सांगते, कारण दरवर्षी नागपूर-चंद्रपूर-यवतमाळकडचं कुणी ना कुणी मास्टर्सला गोल्डनला येतं आणि मेसेज टाकतं की ताई, रेस्क्यू टीम जॉइन करू का, अभ्यासाचं नुकसान तर नाही ना होणार, रिझ्युमेला किती उपयोग. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्स हे १८७४ पासूनचं कॉलेज, डेन्व्हरला लागून गोल्डन म्हणून गाव आहे तिथे. तिथून हायवेनं डोंगर चढत गेलं की आयडाहो स्प्रिंग्ज लागतं, आणि तिथे कॉलेजची स्वतःची खाण आहे, एडगर माइन. १८७० च्या दशकात यातून चांदी-सोनं काढायचे, १९२१ पासून कॉलेज ती शिकवायला वापरतंय. म्हणजे थर्माकोलचं मॉडेल नाही की प्रोजेक्टरवरचा व्हिडिओ नाही, खरा दगड, खरा अंधार, वरून टपकणारं पाणी आणि पायाखाली चिखल. विद्यार्थ्यांची रेस्क्यू टीम इथेच प्रॅक्टिस करते, टीम पोरंच चालवतात आणि शिकवायला खाणीत आयुष्य घालवलेली माणसं असतात.

मी यवतमाळकडच्या वणीची. बाबा अंडरग्राउंडला ओव्हरमन, म्हणजे खाली कामावर देखरेख करणारे, होते, आता रिटायर झाले. घरात लहानपणापासून इनक्लाइन, हॉलेज, गोफ, रूफ ड्रेसिंग हेच शब्द कानावर, पण मुलीनं त्यात जायचं हा विषयच नव्हता, कारण १९५२ च्या खाण कायद्यातल्या कलम ४६ नं बायकांना जमिनीखाली कामाला बंदी होती. २०१९ च्या जानेवारीत सरकारनं ती शिथिल केली, टेक्निकल, सुपरवायझरी आणि मॅनेजरच्या कामापुरती, सकाळी सहा ते संध्याकाळी सात, लेखी संमती घेऊन. तेव्हा मी इंजिनिअरिंगला होते. म्हणजे माझ्या वयाच्या मुलींना खाणीखाली नोकरीचं दार उघडलं ते आत्ता आत्ता, आणि आत जायचं तर आतून बाहेर कसं यायचं हे आधी शिकलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. (पोरांनाही तेच लागू आहे, पण पोरांना ते शिकवायची घाई कुणाला असते असं मला दिसलं नाही.)

आपल्याकडे सुट्टीत मी एका खाणीत व्होकेशनल ट्रेनिंग केलं होतं, नाव नको. सेल्फ रेस्क्युअर म्हणजे कार्बन मोनॉक्साइडमध्ये जीव वाचवणारा तो कमरेचा डबा, तो दाखवतो म्हणाले आणि कपाटाला कुलूप, चावीवाले साहेब रजेवर. मग भिंतीवरच्या फोटोवरून समजावलं. सही झाली, ट्रेनिंग पूर्ण. तो डबा उघडायला काय लागतं, माउथपीस दाताखाली धरल्यावर कसं वाटतं, नाकाला क्लिप लावून चालताना किती कोंडतं, फिल्टरच्या प्रकारात आत येणारी हवा गरम होत जाते आणि घाबरून माणसं तो काढून टाकतात, हे सगळं मला इथे आल्यावर हातानं करून कळलं. याचा मला आजही राग आहे, कारण त्या फोटोपुढे माझ्यासोबत बसलेले पोट्टे आज रोज खाली उतरतायत.

आता ट्रेनिंगबद्दल. सुरुवात श्वासाच्या सेटपासून होते. आम्ही वापरला तो ड्रेगरचा बीजी-४. पाठीवर साधारण पंधरा किलो. फायर ब्रिगेडवाल्यांची हवेची टाकी अर्ध्या-पाऊण तासात संपते, हा चार तास चालतो, कारण यात तुमचाच श्वास परत परत फिरतो. सोडलेला श्वास नळीतून सोडा लाइमच्या डब्यात जातो, तिथे कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, मग श्वासाच्या पिशवीत, तिथे छोट्या सिलेंडरातला ऑक्सिजन मिसळतो, आणि शोषताना हवा तापते म्हणून पुढे बर्फाच्या कूलरमधून फिरून परत तोंडाशी. हे वाचायला दोन मिनिटं लागतात. पण इथे प्रत्येकानं आपला सेट स्वतः खोलायचा, स्वतः जोडायचा, टेस्टरवर लावून कुठे लीक आहे का ते बघायचं, आणि मग शेजारच्यानं तो परत तपासायचा. एकानं केलेलं काम दुसऱ्यानं बघितल्याशिवाय ते झालं असं धरतच नाहीत. मास्कच्या काचेवर आतून श्वासाची वाफ धरते, त्यासाठी आत एक बारीकसा वायपर असतो आणि बाहेरून नॉब फिरवायचा, जाड हातमोज्यातून तो नॉब सापडेपर्यंत पहिल्या पहिल्यांदा जीव मेटाकुटीला येतो आणि तेवढ्यात पुढचा माणूस दोन पावलं गेलेला असतो. त्यात आयडाहो स्प्रिंग्ज सात-साडेसात हजार फुटांवर, आपण वर्धा नदीच्या काठची माणसं, नुसतं चढण चढलं तरी धाप लागते. तरी सेटची सवय होते. पंधरा किलोचं तुम्ही लवकरच विसरता.

खरं ट्रेनिंग सेटचं नाहीच असं माझं म्हणणं आहे. खरं ट्रेनिंग थांबण्याचं आहे.

सांगते. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे टीम म्हणजे पाच माणसं आणि एक राखीव. कॅप्टन पुढे, एकाकडे गॅस डिटेक्टर, एकाकडे नकाशा, स्ट्रेचरवाले, आणि शेवटी एक जण मागचं सांभाळत. बाहेर जिथपर्यंत हवा शुद्ध असल्याची खात्री आहे तिथे फ्रेश एअर बेस, तिथे बसलेला माणूस फोनवर तुमचं ऐकत तोच नकाशा दुसऱ्या कागदावर काढत असतो. निघालं की थोड्याच अंतरावर पहिला थांबा. सगळ्यांनी एकमेकांच्या मास्ककडे, नळ्यांकडे, डोळ्यांकडे बघायचं, प्रत्येकानं गेज वाचून किती ऑक्सिजन उरलाय तो आकडा सांगायचा, बेसला कळवायचा. मग पुढे. परत ठराविक वेळानं थांबा. कॅप्टन लांब दांडीनं रूफ, म्हणजे वरचं छत, ठोकत जाणार, चांगला रूफ खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द. जिथपर्यंत गेलात तिथे खडूनं तारीख आणि आपल्या नावाची आद्याक्षरं. चौकात आलात की एकदम आत घुसायचं नाही, आधी गॅस, मग रूफ, मग नकाशा, मग पाऊल.

आणि आत तर कुणीतरी अडकलेलं असतं! म्हणजे प्रॅक्टिसला डमी असते किंवा आपल्यातलाच एखादा जखमी होऊन पडलेला असतो, ओरडतो पण, आणि तुमचे पाय आपोआप पळायला लागतात. पळायचं नाही. हे शिकवायला यांना सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि तो वेळ ते देतात, हे मला या ट्रेनिंगचं सगळ्यात मोठं वाटतं.

एक प्रॉब्लेम, म्हणजे सरावासाठी रचलेला प्रसंग, सांगते. ड्रिफ्टमध्ये, म्हणजे खाणीतल्या आडव्या बोगद्यात, धूर सोडला होता, नाटकात वापरतात तसला, पण खाणीत तो पुढच्याची पाठ दिसू देत नाही, एका हातानं दोर धरून चालायचं. एका बंद केलेल्या लाकडी भिंतीमागून ठोकल्याचा आवाज आला. आम्ही ठोकलं, उत्तर आलं. म्हणजे आत जिवंत माणूस. आमच्या बाजूला कागदोपत्री कार्बन मोनॉक्साइड भरपूर. भिंत सरळ तोडली तर ती हवा आत जाणार आणि ज्याला वाचवायला आलो तोच जाणार, म्हणून आधी आपल्या मागे पडदा लावून दोन पडद्यांमधली जागा करायची, मगच भिंत उघडायची. ते सामान आम्ही आणेपर्यंत आमच्यातल्या एकाचा गेज बराच खाली आला होता. टीमचा वेळ सगळ्यात कमी ऑक्सिजन ज्याच्याकडे आहे त्याच्यावर ठरतो, सरासरीवर नाही. आमची कॅप्टन अंडरग्रॅज्युएटची पोरगी, माझ्याहून लहान. तिनं बेसला आकडे सांगितले, भिंतीवर ठोकून आतल्याला कळवलं, आणि म्हणाली, मागे. दुसरी टीम तयार होती ती पुढचं काम घेणार. सगळ्यांच्या मनात होतं की अजून थोडंच तर राहिलंय. कुणी वाद घातला नाही. बाहेर आल्यावर मास्कखाली सगळ्यांचे चेहरे घामानं आणि आणखी कशानं ओले होते ते मी बघितलंय.

नंतर शिकवणाऱ्यांनी प्रत्येकाला एकेक करून विचारलं, तू कॅप्टन असतास तर काय केलं असतंस आणि का. बरोबर-चूक लगेच सांगत नाहीत. मग क्रँडल कॅन्यनचं सांगितलं. युटामधली कोळसा खाण, ६ ऑगस्ट २००७ ला सहा जण आत अडकले, त्यांना काढायला गेलेल्यांवर १६ ऑगस्टला परत बाजूचा कोळसा फुटून आला, वाचवणारे तीन जण गेले आणि सहा जखमी झाले, शेवटी आतलं काम थांबवावं लागलं, आणि ते पहिले सहा जण आजही आतच आहेत. हे ऐकल्यावर 'मागे' या शब्दाचं वजन कळतं.

फोनवर बोलण्याचंही तसंच. आधी मला ते फार चिकट वाटायचं, तुम्ही आकडा सांगायचा, बेसवाल्यानं तोच परत म्हणायचा, तुम्ही हो म्हणायचं, मग पुढचा आकडा. वेस्ट व्हर्जिनियातल्या सेगो खाणीत २ जानेवारी २००६ ला स्फोट झाला, तेरा जण आत अडकले होते. टीम पोचली तेव्हा एकच जिवंत होता. पण मास्कमधून, रेडिओवरून, एकाकडून दुसऱ्याकडे होत होत बाहेर बातमी गेली की बारा जिवंत आहेत. चर्चमध्ये थांबलेल्या घरच्यांनी आनंद केला, आणि सुमारे तीन तासांनी त्यांना खरं सांगावं लागलं. त्याच वर्षी अमेरिकेनं माइनर अॅक्ट आणला, रेस्क्यू टीमचे नियम कडक केले. हे माहीत झाल्यापासून मी कुठलाही आकडा परत वदवून घेतल्याशिवाय पुढे जात नाही, ऑफिसात सुद्धा.

बाबांना व्हिडिओ कॉलवर सेट दाखवला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "अगं, थांबून गेज वाचायला लावतात का? का नुसतं पळवतात?" थांबवतात म्हटल्यावर म्हणाले, मग बरोबर जागी गेलीस.

थिअरीपण चांगली आहे, कंटाळवाणी नाही. मिथेन हवेत पाच ते पंधरा टक्के असला की पेटतो, त्यात साधारण साडेनऊला सगळ्यात जोरात, हे आपण सगळे परीक्षेत लिहून आलोय. पण आत दोन वायूंचं मिश्रण आहे, ऑक्सिजन कमी आहे, आता पंखा वाढवला तर हे मिश्रण स्फोटाच्या टप्प्यात येईल का बाहेर जाईल, हे नकाशावर बोट ठेवून वाद घालत शिकवलं की डोक्यात बसतं. हवा बदलायच्या आधी ती हवा कुठे जाऊन कशावरून वाहणार आहे ते माहीत पाहिजे, आग आहे का तिकडे, माणूस आहे का. धातूच्या खाणीत मिथेन नसतो म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना सनशाइन खाणीचं उदाहरण देतात, आयडाहो राज्यातली चांदीची खाण, २ मे १९७२, आग लागली, ९१ माणसं गेली, आणि मारलं ते धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडनं. आपल्या भंडारा-नागपूरच्या मँगनीजच्या अंडरग्राउंड खाणीत जाणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

आता ज्या गोष्टी जायच्या आधी माहीत असाव्यात त्या.

एक तर वेळ जातो, भरपूर जातो. शनिवार-रविवार गृहीत धरू नका. टीए म्हणजे शिकवायला मदतीचं काम असेल, थिसिस असेल तर पहिल्या सेमिस्टरलाच गाइडला सांगून ठेवा. अमेरिकेत अंडरग्राउंड खाणीत नवीन माणसाला कामावर लावायच्या आधी ४० तासांचं ट्रेनिंग कायद्यानं लागतं, आणि रेस्क्यूच्या सेटवर सुरुवातीचं २० तासांचं वेगळं, त्यावरून अंदाज घ्या की हे रविवारच्या ट्रेकसारखं नाही. मुलांनो, दाढी काढावी लागेल, मास्कची रबरी कड कातडीला चिकटली नाही तर चार तासांच्या सेटला काही अर्थ नाही. मुलींनी केस आत वळून कडेखाली येणार नाहीत असे बांधायचे, मी दोन घट्ट वेण्यांवर स्थिरावले, आईनं शाळेत घालून दिलेल्याच. डॉक्टरी तपासणी लागते. बंद जागेची भीती असेल तर लपवू नका, बेसवर बसून नकाशा आणि फोन सांभाळणारा माणूस तितकाच लागतो, माझ्या मते तर ते काम जास्त अवघड आहे. ताकदीचं टेन्शन घेऊ नका. स्ट्रेचर उचलताना किती किलो उचलता यापेक्षा सगळे एकाच आवाजावर उचलता का ते बघतात. आमच्याकडे मेकॅनिकल आणि जिओफिजिक्सवाले पण होते, ते नकाशात आमच्यापेक्षा चांगले निघाले.

दुसरं, आणि हे विदर्भात परत येणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. एडगर ही कडक दगडातली खाण आहे, कोळशाची नाही. थंडगार, दगड बऱ्यापैकी उभा राहणारा. आपल्या कोळशाच्या खाणीतला उकाडा, दमट हवा, गोफ म्हणजे कोळसा काढून झाल्यावर मागे राहिलेली पोकळी, आणि आपोआप तापून पेटणारा कोळसा यातलं इथे काही नाही, गॅस पण प्रॅक्टिसला पाटीवर लिहिलेला असतो. म्हणून ग्रॅहॅम रेशो (हवेतल्या वायूंवरून कोळसा तापतोय का ते सांगणारा आकडा), सील केलेल्या पॅनेलमधून, म्हणजे बंद करून टाकलेल्या भागातून, हवेचं सॅम्पल कसं घेतात, आग वाढतेय का विझतेय ते कसं ओळखायचं, हे तुम्ही वेगळं शिकाच. इथे शिकवणाऱ्यांना विचारलं तर ते तासन्‌तास सांगतात, पण विचारायला लागतं. आणि इथलं ट्रेनिंग केलं म्हणून डीजीएमएसच्या (आपल्याकडचं खाण-सुरक्षेचं सरकारी खातं) परीक्षेत सूट मिळत नाही, मॅनेजरच्या सर्टिफिकेटसाठी गॅस टेस्टिंग आणि फर्स्ट एडची सर्टिफिकेटं आपल्याकडेच काढावी लागतात.

स्पर्धांचं थोडं. एडगरमध्येच कॉलेजांच्या टीमचा एक मोठा सराव भरतो, आयमर्ड म्हणतात, दुसऱ्या युनिव्हर्सिटीच्या टीम येतात आणि खऱ्या खाणीत प्रॉब्लेम सोडवतात. बाकीच्या पुष्कळ स्पर्धा मात्र मैदानावर किंवा हॉलमध्ये होतात! जमिनीवर पट्ट्या आखून गॅलऱ्या दाखवतात, जागोजागी पाट्या, इथे रूफ खराब, इथे पाणी, इथे अमुक टक्के मिथेन, इथे जखमी माणूस, आणि जज कागद घेऊन मागे चालतात, एक थांबा चुकला की मार्क गेले. सोबत लेखी परीक्षा, फर्स्ट एडची वेगळी, आणि मुद्दाम बिघडवून ठेवलेला श्वासाचा सेट दुरुस्त करायची वेगळी.

हे बघितल्यापासून माझ्या डोक्यात एकच चाललंय. आपल्याकडे १९८५ चे माइन्स रेस्क्यू रूल्स आहेत, नागपूरला रेस्क्यू स्टेशन आहे, अखिल भारतीय रेस्क्यू स्पर्धा होतात, धनबादला आयआयटी-आयएसएममध्ये ऑस्ट्रेलियाच्या सिमटार्स या खाण-सुरक्षेच्या संस्थेसोबत व्हर्च्युअल रिअॅलिटीचं सिम्युलेटर आलंय. आणि माणसं तर आपल्याकडे अशी झालीयत की १९८९ च्या नोव्हेंबरात राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी भरलं तेव्हा जसवंतसिंग गिल स्वतः बनवून घेतलेल्या लोखंडी कॅप्सूलमधून बोअरहोलनं खाली उतरले आणि ६५ जण जिवंत वर आले. म्हणजे ज्ञान आहे, हिंमत आहे. पण रेस्क्यूचं ट्रेनिंग मिळतं ते कामावर लागल्यावर, नेमलेल्या माणसांना. वीस-एकवीस वर्षांच्या पोराला, जो पुढे शिफ्टचा साहेब होणार आणि ज्याच्या शब्दावर पन्नास माणसं आत जाणार किंवा बाहेर येणार, त्याला 'मागे' म्हणायची सवय कोण लावणार? चार तासांचे सेट महाग आहेत, कळतं. पण मैदान, चुना, पाट्या, दोरी, एक स्ट्रेचर आणि दोन नकाशे याला काय लागतं? मास्क नसला तरी थांबा शिकवता येतो, गेजचे खोटे आकडे चिठ्ठीवर देता येतात, फोनवर परत म्हणायची सवय लावता येते. नागपूर-चंद्रपूरमध्ये मायनिंग शिकवणाऱ्या कॉलेजांनी हे याच वर्षी सुरू करावं असं मला मनापासून वाटतं, आणि रिटायर झालेले ओव्हरमन-सरदार आपल्या गावागावात बसलेत, बोलवलं तर आनंदानं येतील. माझे बाबा येणारच आहेत, विचारून झालंय.

तर गोल्डनला येत असाल तर पहिल्याच आठवड्यात टीमला भेटा, मास्कचा साइज नीट मोजून घ्या, खाणीत घालायला जाड लोकरी मोजे नागपूरहून आणू नका, इथे चांगले मिळतात. आणि आपल्या विदर्भात कुठल्या कॉलेजला मैदान आखून बघायचं असेल तर कळवा, सरावाचे प्रॉब्लेम आणि पाट्या मी मराठी-हिंदीत तयार करून ठेवतेय, डिसेंबरात मी वणीलाच आहे.